हुड म्हणजे कुठे?

कापड पुरत नव्हतं.

गाडीच्या पुढच्या काचेपासून अंथरत आणलं की मागे हातभर उघडं राहायचं. मागून ओढून घेतलं की पुढे माती दिसायची. आडवं करून पाहिलं, तिरपं करून पाहिलं. शेवटी माझा शेडमधला जुना माणूस पुरुषोत्तम कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काकू, हे पुरून नाही राहिलं."

"दिसून राहिलं ना मलेही. पुन्हा मोज."

"मोजल्यानं वाढते का ते?"

त्याचंही खरंच होतं. मी तिथेच रिकाम्या ड्रमवर बसले. कारण हे कापड म्हणजे काही बाजारातलं लट्ठा-मांजरपाट नव्हतं. ते कार्बन फायबर होतं. काळंभोर, उजेडात धरलं की सापाच्या कातडीसारखं चमकणारं. त्या वेळी आमच्या दुर्ग-भिलाईत कोणी ते डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, मीसुद्धा नाही. आणि दुसरा तुकडा मिळणार नव्हता.

थोडं आधीपासून सांगते, म्हणजे कळेल.

माझी दुर्गजवळ रसमड्याला फायबरची शेड होती. आम्ही तेव्हा मध्यप्रदेशात होतो, छत्तीसगड व्हायचं होतं. हे प्लांटमध्ये नोकरीला, आणि मी घरी बसून कंटाळलेली. एका ओळखीच्या माणसाने शेड सोडली ती आम्ही घेतली. मी भंडारा जिल्ह्यातली, सातवी शिकलेली. फायबरचं काम मी डब्यांवरची लेबलं वाचून आणि हात पोळून घेऊन शिकले. कूलरच्या बॉड्या, पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, असलं सगळं करायचो. फायबर म्हणजे साधं आहे बघा. काचेच्या धाग्यांची चटई साच्यात अंथरायची, वरून रेझिन नावाचा चिकट पाक ब्रशने मुरवायचा. पाकात हार्डनर मिसळला की तो तापतो आणि दगडासारखा घट्ट होतो. करंजीच्या साच्यात पारी दाबतो ना, तसंच. फक्त ही करंजी जन्मभर टिकते.

कार्बन फायबर म्हणजे त्याचाच श्रीमंत भाऊ. काचेऐवजी कार्बनचा धागा. वजनाला पीस आणि ताकदीला लोखंड.

ते मागायला आले बलबीरसिंग. कुम्हारीला त्यांची ट्रान्सपोर्टची कंपनी होती, हायवेला लागून मोठं आवार. त्यांच्या ट्रकच्या केबिनवरच्या फायबरच्या टोप्या मी करून दिलेल्या, म्हणून ओळख. मोठ्या आवाजाचे, हसले की आवारातली कुत्री उठायची. त्या दिवशी मात्र खुर्चीत बसले आणि बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले.

"भाभीजी, वो गाडी याद है? जस्सीवाली?"

ती गाडी कोणाला आठवणार नाही? अमेरिकन, दोन दरवाज्यांची, लांब नाकाची, रुंद मागच्या चाकांची. तिच्या इंजिनाचा आवाज ऐकला की पुलावरून मालगाडी जाते असं वाटायचं. एका जुन्या संस्थानिकाच्या गॅरेजमधून भंगारात निघाली होती. बलबीरसिंगांच्या मुलाने, जसपालने, कॉलेजात असताना ती ढकलत आणली आणि तीन वर्षं तिच्याखाली झोपून काढली. तिला पक्कं छत नव्हतं. मागे घडी होऊन पडणारं कापडी छत होतं, ते सडलेलं. त्यावर जस्सीने ट्रकचं तिरपाल शिवून चढवलेलं.

पुढे जे झालं तेही सगळ्या कुम्हारीला माहीत होतं. एकदा आवारात ट्रक रिव्हर्स घेताना बलबीरसिंगांनी तो त्या गाडीच्या नाकावर घातला. चूक होते माणसाच्या हातून. पण वरून म्हणाले, "कबाड ही तो था." मुलगा मामाकडे अमेरिकेला गेला. तिकडे मोटारीच्या वर्कशॉपात लागला. फोन करायचा तो आईला. वडील फोनवर आले की लाइन खराब व्हायची.

"दिवाळी को उसने मुझसे बात की," बलबीरसिंग म्हणाले. "खुद बोला, पापाजी को दो. बोला, दिसंबर में आ रहा हूँ. और एक काम बोला. हो सके तो गाडी का हुड कार्बन फायबर का करवा देना. बाकी मैं आके देख लूँगा."

"बस एवढंच?"

"बस. छह साल में पहली बार कुछ माँगा है."

आता हुड म्हणजे काय, हे आम्हाला कोणी सांगायची गरजच नव्हती. जीपचा हुड, रिक्षाचा हुड. उन्हापावसात डोक्यावर असतो तो. आमच्या सेक्टरमधलं शेंबडं पोरसुद्धा रिक्षावाल्याला म्हणायचं, भैया, हुड लगाओ, धूप लग रही है. आणि या गाडीचा हुड तर फाटलेलाच होता. त्याच्या जागी फायबरचं पक्कं छत, यात शंका घ्यायला जागाच कुठे? बलबीरसिंगांना नाही आली, मला नाही आली, पुरुषोत्तमला नाही आली.

मी हो म्हटलं. मग कापड शोधायला लागले.

रायपूरला विचारलं, तर ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने फोनवर सगळं नीट ऐकून घेतलं आणि कार्बन पेपरचा भाव सांगितला. माझा रेझिनवाला मात्र कामाचा निघाला. त्याने मुंबईच्या होर्मसजींचा नंबर दिला. हे म्हातारे पारशी गृहस्थ शर्यतीच्या शिडाच्या बोटी बनवायचे. त्यांच्याकडे एका परदेशी ऑर्डरमधून उरलेला तुकडा होता.

"काय बनवते तू, बाई?" त्यांनी विचारलं.

"गाडीचा हुड."

"हुड? पुरेगा. आरामसे पुरेगा. थोडा बचेगा पण. मगर एकच तुकडा आहे हां. दुसरा मागू नको."

माप न विचारता एवढ्या खात्रीने सांगितलं. मला वाटलं, जाणता माणूस आहे.

कापड आलं रेल्वे पार्सलने, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून. याची घडी घालायची नसते. घडी घातली की धागा तुटतो, आणि तुटलेला कार्बन परत जुळत नाही. दुर्ग स्टेशनवर पार्सलवाल्याने त्या नळीवर आंब्याच्या कलमांची पेटी ठेवलेली पाहिली तेव्हा मी धावत जाऊन ती उचलली. पण कापडाला काही झालं नव्हतं. मी ती नळी बाळंतिणीच्या खोलीतून मूल आणावं तशी मांडीवर घेऊन शेडला आणली.

तोवर शेडमध्ये अर्धं काम झालेलं. कापडी छताला स्वतःचा असा आकार नसतो, मग साचा कशावरून घ्यायचा? म्हणून आम्ही थनौदहून रामाधारला बोलावलं. थनौद मूर्तिकारांचं गाव. रामाधार दरवर्षी गणपती-दुर्गा करायचा. गाडी बलबीरसिंगांनी शेडला आणून ठेवलीच होती. त्याने तिच्यावर बांबूची कैची म्हणजे सांगाडा बांधला, पेंढा भरला, आणि वर मातीचं छत घडवलं. इतकं सुबक की हात फिरवत राहावा. गाडीचा चेपलेला बॉनेट आम्ही आधीच काढून ठेवला होता, कामात कोणी त्याच्यावर पाय देऊ नये म्हणून. तो अंगणात उलटा पडलेला, एखाद्या परातीसारखा. रामाधारने त्यातच माती भिजवायला घेतली. बलबीरसिंग येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "रहने दो, उसको तो वैसे भी डेंटर के पास देना है."

आणि मग ते काळं कापड मातीच्या छतावर अंथरलं. पुढे काय झालं ते सुरुवातीलाच सांगितलं.

मी होर्मसजींना फोन लावला. एसटीडी बूथमध्ये उभी राहून मनात वाक्यं जुळवत होते. जाणता माणूस, आणि माप चुकवलं कसं?

"शेठजी, कापड कमी पडून राहिलं."

"कमी? किती मोटा हुड आहे तुझा? ट्रकचा आहे काय?"

"पुढच्या काचेपासून मागच्या सीटच्या मागपर्यंत..."

"थांब, थांब. काचेच्या मागे कशाला जाते तू? काचेच्या आगळ बोल, पुढे."

"पुढे तर बॉनेट आहे ना शेठजी. मी हुडाचं सांगते. छत."

पलीकडे म्हातारा खोकला. मग म्हणाला, "बाई, गाडी कुठची?"

"अमेरिकन."

"आणि बोलनारा?"

"तोही अमेरिकेत आहे."

"मग झाला ना. इंग्रजाचा हुड डोक्यावर असते. अमेरिकनचा हुड इंजिनवर असते. बॉनेटला ते लोक हुड बोलते. मी तर बॉनेट समजून तुकडा दिला."

बाहेर लोक फोनसाठी थांबलेले. एकाने काचेवर टकटक केलं तेव्हा मला समजलं की रिसीव्हर ठेवून बराच वेळ झालाय.

आता तुम्ही म्हणाल, बरं झालं, वेळेत कळलं. पण कळलं कुठे? होर्मसजींचं बरोबर असेल तर बॉनेट करायचा. पण जस्सी वाढला कुठे? कुम्हारीत. जीपचा हुड लावत-काढत. त्याच्या तोंडी कुठला हुड होता, इथला की तिथला? छत केलं आणि त्याला बॉनेट हवा असला तर? बॉनेट केला आणि त्याला छत हवं असलं तर? कापड एक. मुलगा येणार त्याला फारसा अवकाश राहिला नव्हता. आणि वडिलांकडे त्याने सहा वर्षांत मागितलेली ही एकच गोष्ट.

मी कुम्हारीची बस पकडली.

बलबीरसिंग आवारात टायर मोजून घेत होते. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि समोर उभ्या असलेल्या जीपकडे बोट केलं.

"भाभीजी, वो क्या है?"

"हुड."

"तो फिर?"

"तो फिर फोन करके पूछ लो. एका मिनिटाचं काम आहे."

"नहीं."

"कावून नाही?" माझ्या तोंडून घरचीच भाषा निघाली. त्यांना समजली. एवढी वर्षं नागपूर लाइनवर गाड्या चालवलेल्या.

ते टायरवर बसले. "उसकी गाडी के बारे में मैंने पहले भी कुछ नहीं समझा था. अब उसने एक चीज माँगी, और मैं फोन करके पूछूँ कि पुत्तर, तूने जो बोला वो होता क्या है? वो सोचेगा, पापाजी वैसे के वैसे ही हैं."

मी म्हटलं, "तुमाले नाही विचारायचं ना? मी विचारते. मला तर सगळं जग अडाणी समजतेच."

ते हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भिलाईच्या पॉवर हाउस भागातल्या पीसीओवर माझ्या आधी येऊन उभे होते. इथे सकाळ तेव्हा तिथे संध्याकाळ. नंबर त्यांच्या बायकोने लिहून दिलेला. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मैं बाहर खडा हूँ."

रिंग गेली. डब्यावरचे लाल आकडे पळायला लागले. त्या आकड्यांकडे पाहिलं की मला आधीच बोलता येत नाही.

"हॅलो?"

"बेटा जसपाल, मैं रसमडा से बोल रही हूँ. फायबरवाली. तुम्हारे पापाजी ने हुड का काम मुझे दिया है."

"जी आंटी, सत श्री अकाल. हो रहा है?"

"हो रहा है. पापाजी ने सब बराबर समझाया. मेरे ही भेजे में नहीं घुसा. मेरी अंग्रेजी जीप तक की है बेटा. तू मुझे ऐसा बता, गाडी सामने खडी है. हुड पे हाथ रख बोले, तो तू कहाँ हाथ रखेगा?"

तो म्हणाला, "आगे, आंटी. जहाँ पापाजी का ट्रक लगा था."

"और छत?"

"छत?" आता त्याच्या लक्षात आलं असावं, कारण आवाज बदलला. "छत को मत छेडना आंटी. ऊपर से खुली है इसलिए तो ली थी वो गाडी."

मी काचेतून बाहेर पाहिलं. बलबीरसिंग पानठेल्याकडे तोंड करून उभे होते, पाठ इकडे.

"पापाजी वहीं हैं क्या?" जस्सीने विचारलं.

"हैं. बाहर."

"अच्छा," तो म्हणाला. पुढे काही बोलला नाही, फोनही ठेवला नाही. आकडे पळत राहिले. शेवटी लाइनच कटली.

मी बाहेर आले. बलबीरसिंग वळले, पण विचारलं नाही. मीच सांगितलं, "आगे. बॉनेट."

"और कुछ बोला?"

आता हे सांगावं की नाही? मग म्हटलं, उद्या मुलगा येईल, त्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आजच कळलेलं बरं. "बोला, जहाँ पापाजी का ट्रक लगा था."

ते म्हणाले, "चलो. शेड पे चलो."

वाटेत माझ्या डोक्यात एकच विचार. बॉनेट. बॉनेट कुठे आहे ते मला माहीत होतं, आणि त्यांनाही.

आम्ही पोचलो तेव्हा रामाधार त्या उलट्या बॉनेटात उभा राहून पायाने माती तुडवत होता. पोटऱ्यांपर्यंत मातीत, तोंडात बिडी. आम्हाला पाहून म्हणाला, "दाई, छत के पाछू डहर थोरकन माटी अउ लगाहूँ." छताच्या मागच्या बाजूला त्याला आणखी थोडी माती चढवायची होती.

पुरुषोत्तमने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झालं, काकू?"

"छत नाही करायचं. बॉनेट करायचाय."

"हा बॉनेट?"

"हाच."

पुरुषोत्तमने एकदा मातीच्या छताकडे पाहिलं, एकदा रामाधारच्या पायांकडे. "मंग आपण इतके दिवस काय करून राहिलो होतो?"

रामाधारला हिंदीत समजावून सांगितलं तेव्हा त्याने बिडी विझवली, सावकाश बाहेर आला आणि आपल्या घडवलेल्या छताला प्रदक्षिणा घालून आला. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "माटी कहाँ जाही दाई. माटी त माटी ए." नंतर ती सगळी माती तो बैलगाडीने परत घेऊन गेला. वसंत पंचमीला तिच्या सरस्वत्या झाल्या, असं ऐकलं.

बॉनेट बलबीरसिंगांनी स्वतः धुतला. मी नको म्हणत होते. त्यांनी बाह्या वर केल्या, पाइप घेतला, माती काढली, सुलटा केला. मधोमध मोठा खड्डा, ट्रकच्या मागच्या बंपरचा. त्यांनी त्यात तळहात ठेवला. हात पूर्ण मावत होता.

"इतना लगा था?" ते म्हणाले. "मुझे तो याद था कि थोडा सा लगा था."

आता खरं काम सुरू झालं, आणि खरी धाकधूक. आधी डेंटर बोलावून खड्डा ठोकून वर काढला. मग लांबी भरली. लांबी म्हणजे गाड्यांची पुट्टी. मग पॉलिशपेपर, मग मेण. मेण नीट नाही लागलं तर साचा बॉनेटला चिकटून बसतो आणि दोन्ही जातात. त्या बॉनेटवर साध्या काचेच्या फायबरचा साचा घेतला. तो सुटताना असा आवाज झाला, जणू लाकूड फाटलं. पुरुषोत्तम डोळे मिटून उभा होता. साचा अख्खा निघाला.

मग कापड.

कार्बनचं कापड सरळ कात्रीने कापलं की कडेचे धागे सुटत जातात, जुन्या सतरंजीसारखे. म्हणून कापायच्या रेषेवर आधी चिकटपट्टी लावायची आणि पट्टीच्या मधून कात्री चालवायची. हे मला होर्मसजींनी फोनवर सांगितलं होतं. कात्री मीच हातात घेतली. पुरुषोत्तम म्हणाला, "काकू, कात्री रेषेच्या बाहेर जाऊन राहिली." मी म्हटलं, "म्हणूनच तू बोलू नको."

कार्बनला आपलं नेहमीचं रेझिन चालत नाही, एपॉक्सी लागते. ती थंडीत लवकर आवळत नाही, आणि आमच्याकडे डिसेंबर लागलेला. कच्ची राहिली तर बॉनेट वाळलेल्या चामड्यासारखा वाकडा होणार. म्हणून साच्यावर मोठे पिवळे बल्ब टांगले, कोंबडीच्या पिलांना ऊब देतात तसे. कापड साच्यात बसवलं, एपॉक्सी मुरवली. एकही बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा म्हणजे आतून पोकळ, तिथूनच तडा. मोठ्या कारखान्यांत यासाठी हवा खेचणारं मशीन असतं. माझ्याकडे कुठलं? वर प्लास्टिक अंथरलं आणि रेतीच्या लहान लहान पिशव्या भरून कोपऱ्याकोपऱ्यात दाबून बसवल्या. मधोमध कण्यासारखी एक उंच रेघ होती, तिच्या दोन्ही बाजूंना लांब पिशव्या शिवून घातल्या.

आणि मग थांबायचं. या धंद्यात सगळ्यात वाईट काय असेल तर हे थांबणं. झाकलेलं बघता येत नाही, उघडलं तर बिघडतं. बलबीरसिंग रोज येऊन बाहेर बाकावर बसायचे. चहा प्यायचे, जायचे. आत यायचे नाहीत. एकदा म्हणाले, "भाभीजी, नहीं बना तो?" मी म्हटलं, "नाही बना तो मेरा नाम बताना." त्यावर म्हणाले, "आपका नाम उसके किस काम का?"

उघडलं तेव्हा मी पहिल्यांदा त्या कण्याकडेच पाहिलं. एक बुडबुडा होता. मसुराच्या डाळीएवढा, अगदी कडेला. बाकी सगळं काळं, चकचकीत, विणीचा एकेक धागा दिसत होता. खालून आधाराला फायबरच्या पट्ट्या दिल्या, बिजागऱ्यांच्या जागी लोखंडी पत्रे बसवले. लोखंडी बॉनेट उचलायला दोन माणसं लागायची. हा पुरुषोत्तमने एका हाताने डोक्यावर धरला आणि म्हणाला, "काकू, उन्हात छत्री म्हणून चालते."

बॉनेट गाडीवर चढवला, जोराने दाबून कडी लावली आणि गाडी कुम्हारीला पोचवली. जस्सी आला त्या दिवशी बलबीरसिंगांनी मलाही कुम्हारीला बोलावलं. मला जायचं नव्हतं. घरच्या गोष्टीत आपण कशाला? पण बॉनेट माझा होता, म्हणून गेले आणि आवाराच्या कडेला उभी राहिले.

पोरगा रुंद झाला होता, दाढीत एखादा पांढरा केस. आईला भेटला, वडिलांच्या पाया पडला. दोघंही एकमेकांकडे नीट बघत नव्हते. मग तो गाडीकडे गेला. मीही बलबीरसिंगांच्या मागोमाग जवळ आले. पहिल्यांदा त्याने वर पाहिलं. तिरपाल होतं तसंच होतं. मग बॉनेटजवळ आला. हात फिरवला. बोटाने वाजवून पाहिलं. पत्र्यासारखा ढणढण आवाज नाही, टकटक. त्या कडेच्या बुडबुड्यावर त्याचं बोट थांबलं. मग पुढे गेलं.

मग त्याने खालची कडी सोडली.

बॉनेट असा उसळला की बलबीरसिंग मागे सरले आणि त्यांच्या हातातला चहा बुटांवर सांडला. बॉनेट वर जाऊन थरथरत उभा राहिला. बिजागरीपाशी बारीक कटकन आवाज आला. तो आवाज मी ओळखते. तडा.

मला वाटलं, गेलं. सगळं गेलं.

जस्सी वाकला. बिजागरीकडे बघत राहिला. आणि हसायला लागला. "पापाजी, स्प्रिंग तो पुरानी ही है. लोहे के हुड की. ये तो इसको उडा देगी."

गोष्ट साधी होती. त्या मोठ्या स्प्रिंगा जड लोखंडी बॉनेट तोलून धरण्यासाठी बनवलेल्या. आम्ही बॉनेट हलका केला, स्प्रिंग तशीच ठेवली. आमच्यातल्या कोणाच्याच डोक्यात ते आलं नाही.

"टूट गया?" बलबीरसिंगांनी विचारलं. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, मला शेजारी उभं राहून जेमतेम ऐकू आलं.

"कोने में थोडा सा. भर जाएगा. आंटी भर देंगी. हलकी स्प्रिंग चाहिए बस. यहाँ कहीं मिलेगी?"

बलबीरसिंगांनी बूट झटकले. "मोपेड के स्टँड की लगेगी?"

जस्सीने विचार केला. "लग सकती है. दो-दो लगानी पडेंगी."

"दुर्ग में कबाडी है एक. उसके पास ढेर पडा है. चल, ढूँढते हैं."

आई आतून ओरडली, पोरगा आत्ता आलाय, जेवू तर दे. दोघांनीही ऐकलं नाही. बलबीरसिंगांनी स्कूटर काढली, जस्सी मागे बसला आणि दोघं हायवेला लागले. वाटेत काही बोलले की नाही, मला ठाऊक नाही. परत आले ते अंधार पडता पडता, हात काळे, आणि सोबत पिशवीभर स्प्रिंगा. लागल्या त्यातल्या चारच.

तडा मी दुसऱ्या दिवशी भरून दिला. उरलेल्या कापडाच्या कातरणीत भागलं. होर्मसजींनी सांगितल्याप्रमाणे खरंच थोडं उरलं होतं.

तेव्हापासून माझ्या शेडमध्ये एक नियम आहे. गिऱ्हाईक कितीही शिकलेलं असो, कितीही घाईत असो, वस्तूचं नाव मी लिहून घेत नाही. आधी हात ठेवायला लावते. इथे पाहिजे? इथेच ना? मग बोला. आणि वस्तू हलकी करायची असली तर तिला कोणी धरून ठेवलंय, तेही आधी बघते.

मागच्या महिन्यात एकाने फोन केला. म्हणाला, "काकू, एक मजबूत टोपी पाहिजे."

मी म्हटलं, "या. पण कोणाला घालायची, ते आधी दाखवा."